पापणी मिटू नका

सोमवार, ४ मार्च

आमच्या अभ्यासातला चारशे बारावा डोळा संपला. शेवटचा. आता नवीन डोळे घ्यायचे नाहीत, फक्त मोजमापं तपासायची.

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या रिसेप्शनिस्टने विचारलं, "तुम्ही वर नक्की करता काय हो?" म्हटलं, पडद्याच्या ऑपरेशनआधी डोळ्याचा स्कॅन काढतो. स्कॅनमध्ये पडद्याचा आडवा छेद दिसतो, अगदी कापलेल्या केकसारखा. त्यात एक पांढरी रेघ असते, प्रकाश पकडणाऱ्या पेशींची. पडद्याला मधोमध भोक पडलं की ती रेघ तुटते. तुटलेला भाग मी मोजते. त्यावरून प्रोग्रॅम सांगतो, ऑपरेशननंतर हा माणूस तक्त्यावरची कितवी ओळ वाचू शकेल –

तेवढ्यात तिचा मजला आला. "अय्या, भविष्यच की!" म्हणाली आणि उतरली. भविष्य नाही, असं बंद दाराला सांगितलं.

दिवसभरात बोललेली वाक्यं पंधरा-वीस. त्यातली बहुतेक 'हनुवटी इथे ठेवा' आणि 'पापणी मिटू नका'.

बुधवार, ६ मार्च

बडबड्याला, म्हणजे माझ्या जोडीला स्कॅन काढणाऱ्याला, एका स्कॅनला नऊ मिनिटं लागतात. मला चार. मशीन एकच, डोळे तसेच, फरक तोंडाचा. आज एका म्हाताऱ्या बाईंना सांगत होता, "आजी, हलू नका, मशीनला वाटेल भूकंप झाला." त्या हसल्या. पापण्या मिटल्या. हा थांबला. पुन्हा काहीतरी बोलला, त्या पुन्हा हसल्या. बाहेर सहा माणसं खोळंबलेली.

मी घड्याळाकडे पाहिलं, तेवढं त्याने बरोबर टिपलं. "मॅडम, तुमच्यापेक्षा हे मशीन जास्त बोलतं. निदान टुक-टुक तरी करतं!"

यावर काय बोलायचं असतं ते मला सुचत नाही. संध्याकाळी बसमध्ये सुचलं. आता उपयोग नाही.

रविवार, १० मार्च

आत्याचा फोन. रविवारी सकाळी दहाला येतो, तसा आला.

"अगं मास्तरीण, गंमत ऐक. कवळीतला मधला दात पळून जातोय. त्याच्याकडे बघावं तर नाही, शेजारच्याकडे बघावं तर हा हजर! दात आहे का उंदीर?"

आत्या दात बनवते. दाताच्या डॉक्टरांकडून साचे येतात, ती टोप्या आणि कवळ्या करून परत पाठवते. चौतीस वर्षं एकच टेबल, एकच दिवा. "माझे दात शहरभर जेवतात," असं ती सांगत असते.

कोणता डोळा, विचारलं. उजवा. डावा लहानपणापासूनच आळशी आहे. तिच्या भाषेत, नुसता सोबतीला बसलेला. म्हणजे चालणारा डोळा एकच, आणि त्यात हे.

"कधीपासून?"

"झाले की तीन-एक आठवडे."

"आणि आज सांगतेस?"

"तू कामात असतेस गं."

बाबांची ही मोठी बहीण. मी सात वर्षांची असल्यापासून तिच्याकडे वाढले. शिकायला बाहेर पडले, मग नोकरी लागली, खोली घेतली. तिच्या घरापासून बसने चाळीस मिनिटं. महिन्यातून एकदा जाते. ते पुरेसं आहे असं दोघींनी कधी ठरवलं नाही, पण तसंच चाललं आहे.

बुधवारी बोलावलंय.

बुधवार, १३ मार्च

भोकच आहे. मधोमध. चारशे दहा मायक्रॉन रुंद, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. तेवढ्यात एक आख्खा दात जातो.

स्कॅन मीच काढला. बडबड्या पुढे आला होता, "द्या ना, मी काढतो, घरच्या माणसाचा आपण काढू नये." म्हटलं, मशीनला घरचं-बाहेरचं कळत नाही.

आत्याला सांगितलं, पापणी मिटू नको. तिने मिटली नाही. शेवटपर्यंत एकदाही नाही. एकाही पेशंटने माझं इतकं ऐकलेलं नाही. डोळा लाल झाला तरी ती त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली, पाढे म्हणायला उभ्या केलेल्या मुलीसारखी. मनात म्हटलं – चांगला पेशंट.

"सुटले का गं?"

"हो. मिट आता."

चित्राचा दर्जा दहापैकी सहा. सहाला आम्ही पास करतो. रेघ मात्र फार तुटलेली – एकवीसशे पन्नास मायक्रॉन. दोनदा मोजली.

डॉक्टरबाईंनी पाहिलं. त्या पडद्याच्याच ऑपरेशनवाल्या, दिवसाला चार-पाच करतात. म्हणाल्या, "भोक जुनं नाही, बंद होईल. ठेवलं तर वाढत जाईल. पण एकुलता डोळा आहे, ऑपरेशन म्हटलं की थोडा धोका आलाच. त्यांनाच ठरवू दे." आत्याने मान डोलावली. "विचार करते," म्हणाली. आणि बडबड्याला दात दाखवायला सांगितले. त्याने दाखवले! "वरचा डावा दुसरा कोणी केला? घाईत केलाय."

सगळे गेल्यावर प्रोग्रॅम चालवला. ऑपरेशननंतर पहिली ओळ.

पहिली ओळ ती आत्ताही वाचते. पहिल्या ओळीत एकच अक्षर असतं.

गुरुवार, १४ मार्च

नियम असा आहे की आकडा पेशंटला सांगायचा नाही. अजून तो तपासात आहे. तो नियम मीच टाइप करून भिंतीवर लावला होता.

काम सुटल्यावर आत्याकडे गेले आणि सांगितलं. खोटी आशा लावून ठेवणं मला जमत नाही. एकुलत्या डोळ्याला सुई लावायची असेल तर समोर काय आहे ते माणसाला माहीत हवं. क्रमाने सांगितलं: डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, वायू भरतात, तो बुडबुडा भोकावर दाबून राहावा म्हणून सात दिवस पालथं राहायचं, त्या काळात घरात माणूस लागतो. आणि एवढं करून, आमच्या मोजणीप्रमाणे, पहिली ओळ.

ती मेणाचा दात कोरत होती. कोरणं थांबवलं नाही.

"बरं. मग कशाला उगाच."

"विचार कर हवं तर."

"केला. नको." मग थोड्या वेळाने, "छान समजावलंस. अगदी रेडिओवर सांगतात तसं."

जेवून जा म्हणाली. म्हटलं, उद्या लवकर जायचंय.

शुक्रवार, १५ मार्च

बरोबर केलं. माहिती देणं म्हणजे लादणं नव्हे.

रविवार, १७ मार्च

दहा वाजले. सव्वादहा. अकराला मीच केला. "अगं, विसरलेच," म्हणाली. ती विसरत नाही.

बुधवार, २० मार्च

डॉक्टरबाई: "तुझी आत्या तारीख घ्यायला आली नाही?"

"नको म्हणते."

"का?"

"माहीत नाही."

खोटं बोलले. इथे तरी नोंद असावी.

शुक्रवार, २२ मार्च

आत्याकडे. टेबलावर साच्यांचे डबे बांधून ठेवलेले. दोन डॉक्टरांचं काम तिने दुसऱ्या कारागिराकडे वळवलं. दाताचा रंग जुळवायला सोळा नमुन्यांची पट्टी असते. पूर्वी ती डोळे बारीक करून एका नजरेत सांगायची. आज पट्टी खिडकीशी नेली, तिरपी धरली, मान वाकडी केली, परत आणली. परत नेली.

"मागच्या आठवड्यात एक पुढचा दात पाठवला. डॉक्टर म्हणतो, बाई, दात सुंदर झालाय, पण हा दुसऱ्याच कोणाचा तरी आहे!" हसली. मी पण हसले. दिवा चालू होता, त्याच्याखाली काही नव्हतं.

घरी आल्यावर खिडकीत उभी राहिले. समोरच्या इमारतीत कोणीतरी पडदे धुऊन परत लावत होतं. एक जण स्टुलावर, एक जण खालून सांगणारा. बराच वेळ बघत होते.

मंगळवार, २६ मार्च

नीट लिहून ठेवते, क्रमाने.

सकाळी एका बस ड्रायव्हरचा स्कॅन मी काढला. पाठवताना फाइल उघडेना. मी वर मीटिंगमध्ये होते, म्हणून बडबड्याने त्याचा पुन्हा काढला. दुपारी माझी फाइलही सापडली. म्हणजे एकाच डोळ्याचे दोन स्कॅन, अकरा मिनिटांच्या अंतराने.

तुटलेली रेघ – माझ्या स्कॅनमध्ये सोळाशे चाळीस. त्याच्या स्कॅनमध्ये पाचशे ऐंशी.

अकरा मिनिटांत पेशी उगवत नाहीत.

त्याला विचारलं, तुम्ही काय केलंत? तो घाबरला, त्याला वाटलं तक्रार आहे. "काही नाही हो, एक थेंब टाकला डोळ्यात. ओलाव्याचा. कोरडा पडला होता डोळा तुमच्या हाताखाली. मग म्हटलं, काका, तुमची बस सिग्नलला थांबलीय, दोन-चारदा पापण्या मिटा, हिरवा लागला की उघडा. आणि काढला."

"रोज असंच करता?"

"मॅडम, तुम्ही माणसाला पापणीच मिटू देत नाही! डोळ्यावरचं पाणी सुकतं, काच धुरकटते, मग आतलं काय दिसणार? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही शिकलेल्या."

मला माहीत होतं. पुस्तकात आहे. बुबुळावरचा ओलावा सुकला की चित्र मंद होतं. मंद चित्रात सर्वात आधी मरते ती पांढरी रेघ. प्रोग्रॅमला मंद आणि मेलेली यातला फरक कळत नाही.

आत्याने एकदाही पापणी मिटली नाही.

बुधवार, २७ मार्च

सगळी मोजमापं पुन्हा उघडली. 'स्कॅन कोणी काढला' हा रकाना मी सुरुवातीलाच गाळला होता. मशीन एकच, माणसाने काय फरक पडणार! तो परत घातला.

चारशे बारांपैकी माझे एकशे नव्वद. माझ्या माणसांना ऑपरेशननंतर आमच्या अंदाजापेक्षा सरासरी दीड ओळ जास्त दिसलं. बडबड्याच्या माणसांना जवळपास अंदाजाइतकंच. आणि माझ्यात सर्वात चुकलेले कोण? चित्राच्या दर्जात काठावर पास झालेले. म्हणजे ज्यांनी माझं सर्वात जास्त ऐकलं ते.

डॉक्टरबाईंना सांगितलं. सगळं. आत्याला आकडा सांगितला तेही.

त्यांनी चष्मा काढला. "तो नियम कशासाठी होता?"

"यासाठी."

"मला ओरडायला वेळ नाही. उद्या तिला घेऊन ये. दोन आठवडे गेलेत. आणि स्कॅन तू काढायचा नाहीस."

गुरुवार, २८ मार्च

मी दाराशी उभी होते. बडबड्याने थेंब टाकला.

"काय हो आत्याबाई, वरचा डावा दुसरा अजून तसाच आहे माझा."

"करून देईन. आधी माझा डोळा नीट काढ."

"मिटा... उघडा... मिटा. लाजल्यासारखं करा."

"या वयात कोणाला लाजू?"

"मला लाजा. बिनलग्नाचा आहे."

"म्हणूनच तोंड बंद होत नाही!" तीन-चारदा मिटली, उघडली, टुक-टुक झालं, संपलं. सात मिनिटं. ती हसत होती.

दर्जा नऊ. रेघ सातशे वीस मायक्रॉन तुटलेली, बाकी सलग, पांढरी, स्वच्छ. भोक मात्र चारशे पंचावन्न. दोन आठवड्यांत पंचेचाळीसने वाढलं. ते पंचेचाळीस माझे.

प्रोग्रॅम म्हणतो, पाचवी ओळ. पाचव्या ओळीवर दात कोरता येतो.

डॉक्टरबाईंनीच सांगितलं तिला: आधीचा स्कॅन फसवा होता, आता चित्र बरंच चांगलं आहे, करून टाका. मी मागे उभी. वाट बघत होते की ती हो म्हणेल.

"बघू," म्हणाली. बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून हात केला. भलत्याच बाईला.

शनिवार, ३० मार्च

बघू म्हणजे काय? पहिली ओळ म्हटलं तेव्हा एका मिनिटात नकार आला. पाचवी म्हटल्यावर 'बघू'? सुसंगत नाही.

भोक दिवसाला साधारण तीन मायक्रॉन.

रविवार, ३१ मार्च

फोनची वाट न बघता गेले. ती दारातच, हातात पिशवी. काही आणायला निघाली होती. म्हटलं, बस.

वाक्य तयार करून नेलं होतं: पहिल्या स्कॅनमध्ये तांत्रिक त्रुटी होती. ते म्हणालेच नाही. "माझी चूक झाली" म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आला, पण माझ्यासारखा नाही.

"तू म्हणालीस पापणी मिटू नको, मी मिटली नाही," ती म्हणाली. "यात तुझं काय चुकलं?"

"तेच चुकलं."

"म्हणजे मी शहाण्यासारखी वागले म्हणून माझा डोळा नापास झाला?"

"हो."

"बघ बाई! आयुष्यभराची हीच कथा." हसली. मला हसता आलं नाही. नाक वाहत होतं, रुमाल नव्हता, तिने टेबलावरचा कापसाचा बोळा दिला. त्याला मेणाचा वास.

मग मी म्हटलं, दहा दिवसांची रजा टाकली आहे. इथेच राहणार.

"मला न विचारता टाकलीस?"

"न विचारता."

ती पिशवीची घडी घालत बसली. चार घड्या. "तुझी गादी माळ्यावर आहे. ऊन दाखवायला लागेल." आणि मग, "विचार तुझ्या डॉक्टरीणबाईंना, कधी करतात."

पटलं तिला. पहिली आणि पाचवी यातला फरक कोणालाही पटेल, जरा वेळ दिला की.

गुरुवार, ११ एप्रिल

झालं. पन्नास मिनिटं. भोकाच्या कडा मिळाल्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बाहेरच्या बाकावर मी एकटी. बडबड्या येऊन बसला आणि पन्नासातली तीस मिनिटं एक अक्षर बोलला नाही. त्याला जमतं म्हणजे.

शनिवार, १३ एप्रिल

पालथी. उशीला मध्ये खाच, त्यात तोंड. चहा नळीने.

"या फरशीवर एकोणीस डाग आहेत. एवढी वर्षं राहतेय, ओळख आत्ता झाली."

तिला तासाला पाच मिनिटं उठता येतं. मी गजर लावते. मधल्या वेळात दाताच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवते. तिला कंटाळा आला की ती त्यांच्या अक्षराची नक्कल करते, तोंडाने.

सोमवार, १५ एप्रिल

मान दुखतेय म्हणून चोळून दिली. केव्हापासून कोणाला हात लावला नव्हता? स्कॅनला हनुवटी धरते तेवढाच.

गुरुवार, १८ एप्रिल

सात दिवस पूर्ण. उठून बसली. समोर सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं म्हणते. वायू जाईपर्यंत तसंच.

रविवार, २१ एप्रिल

खोलीवर परत. गजर बंद करायचा राहिला होता. तासातासाला वाजतो आहे. अजून बंद केला नाही.

मंगळवार, १४ मे

आमच्या अभ्यासावरच्या लेखात एक परिच्छेद वाढला: स्कॅन काढणाऱ्याच्या सवयीचा मोजमापावर होणारा परिणाम. सवय कोणाची, ते लेखात लिहीत नाहीत. बडबड्याचं नाव आभारात घालायला लावलं. त्याने छापील पान मागितलंय, "आईला दाखवायला, तिला वाटतं मी नुसता बोलतो."

भिंतीवर नवा कागद लावला. प्रत्येक स्कॅनआधी थेंब. पापणी मिटू द्या.

मलाही आता नऊ मिनिटं लागतात. आज एका बाईंना म्हटलं, तुमची साडी छान आहे. पुढे काय बोलायचं ते कळलं नाही, पण त्याच बोलल्या.

सोमवार, ३ जून

तक्ता. मी बाहेर थांबले. आत बडबड्या.

चौथी ओळ. पाचवीतली दोन अक्षरं. भोक बंद, रेघ जवळजवळ सांधलेली.

पाचवी सांगितली होती, चौथी आली. त्या दोन आठवड्यांनी एक ओळ नेली का? डॉक्टरबाई म्हणाल्या, कोणीच सांगू शकत नाही. आणि एवढ्यावर पुढचे दात जमतील, दाढा तर डोळे मिटून.

रविवार, ९ जून

आत्या आली. माझ्या खोलीवर पहिल्यांदाच. खुर्ची एकच, ती तिला. चहा घेतला आणि माझ्याकडे बघत बसली. इतकं की मी विचारलं, काय?

"तू त्या दिवशी सगळं घडाघडा म्हणून दाखवलंस ना – वायू, पालथं, घरात माणूस लागतो. आवाज असा की कोणा परक्याला सांगतेयस. मला वाटलं, हिला हे करायचं नाहीये. म्हणून नको म्हटलं."

"आकड्यामुळे नाही?"

"कसला आकडा! ओळीबिळी मी ऐकल्याच नाहीत गं."

मी तिचा रिकामा कप उचलला.

"हे बघ, आत्ताही बोलत नाहीस. पण आता दिसतंय मला. लहानपणापासून तुझं सगळं तोंडावर लिहिलेलं असतं. तेव्हा नेमकं तोंडच त्या भोकात गेलं होतं."